कुणाच्याच दारात नसलेला खड्डा

फार जुनी गोष्ट. जनावरांच्या एका मोठ्या शहरात प्रत्येक व्यापारी रोज सकाळी आपल्यापुरतं दार झाडून सडा घाली. एकदा दुपार टळली तरी कुणाची बोहनीच होईना. बाजाराच्या तोंडाशी भला मोठा खड्डा पडला होता आणि गिऱ्हाइकांच्या गाड्या तिथूनच माघारी वळत होत्या.

व्यापाऱ्यांची सभा बसली.

“खड्डा माझ्या दारात नाही,” गूळवाला हत्ती म्हणाला.

“माझ्याही नाही,” तेलवाली घूस फणकारली.

सभेच्या अध्यक्ष घोरपडआजी फावडं घेऊन उठल्या. “दारातला खड्डा ज्याचा तो बुजवतो. त्याला सभा कशाला लागते रे?”

हत्ती खड्डा बुजवायला त्यांच्यामागोमाग निघाला. दुसऱ्या दिवशी त्याने पहिला सडा बाजाराच्या तोंडाशी घातला, मग आपल्या दारात.