मराठी आकड्यांचं घड्याळ

एका पेठेत जुन्या घड्याळांचा एक पारखी होता. त्याचं नाव त्रिंबकराव. नजर अशी की झाकण उघडायच्या आधीच घड्याळाचं कूळ सांगायचा. आणि राग असा की गिऱ्हाइकानं उलट एक शब्द काढला, तर घड्याळ त्याच्या हातात कोंबून दार लावून घ्यायचा. लोक त्याचा राग सोसत, कारण तसा पारखी आसपासच्या चार जिल्ह्यांत दुसरा नव्हता. दुर्मिळ घड्याळांचे शौकीन लांबून येत आणि त्याच्या ओट्यावर तासन्‌तास ताटकळत बसत.

त्याची रीत ठरलेली होती. आधी भिंगातून यंत्र बघायचं. मग स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा तबकडीच्या कडेला हलकेच फिरवायचा. तबकडी बाजारात नव्यानं रंगवलेली असली की रंग सुटतो आणि बोळा काळा होतो. भट्टीत भाजलेल्या मिन्याची, म्हणजे काचेसारख्या पक्क्या मुलाम्याची, अस्सल असली की बोळा पांढराच राहतो. एवढं झालं की त्रिंबकराव कागदाच्या चिठ्ठीवर लाल शाईनं एकच शब्द लिही. ‘खरे’ किंवा ‘खोटे’. तीस वर्षांत त्यानं एकही चिठ्ठी परत घेतली नव्हती, आणि हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत असे.

भाद्रपदातल्या एका सकाळी त्याच्या ओट्यावर भागाक्का आली. ती वाळवंडी गावची नावाडीण. साठी उलटलेली, पण वल्हं मारून मारून दंड अजून पुरुषासारखे. तिनं कमरेची पिशवी सोडली आणि फडक्यात गुंडाळलेलं एक खिशातलं घड्याळ पुढं ठेवलं.

“हे खरं हाय का खोटं, तेवढं लिहून द्या,” ती म्हणाली. “विकायचं न्हाई.”

“विकायचं नाही, तर मग कशाला पारखायचं?”

भागाक्कानं सांगितलं. तिचा आजा रावजी वाळवंडीच्या नदीघाटावरचा नावाडी होता. मोठ्या पुराच्या वर्षी पलीकडची वस्ती पाण्यानं वेढली, तेव्हा त्यानं दीड दिवस नाव चालवून दोनशेच्या वर माणसं अलीकडं आणली. संस्थानच्या राजानं घाटावर येऊन त्याला हे घड्याळ दिलं. गावानं त्याला मान दिला. पूर ओसरला की गाव नदीची ओटी भरतं. त्या ओटीचा पहिला नारळ तेव्हापासून रावजीच्या घरचा. आज रावजी नाही, राजा नाही, संस्थानही नाही. पण नारळाचा मान होता. आता गावचे सयाजी पाटील म्हणत होते, की राजानं घड्याळ दिल्याची गोष्टच बनाव आहे; नावाड्यानं बाजारातून घड्याळ आणलं आणि गावाला थापा मारून मान चोरला. मान पाटलाच्या घरी यायला हवा. शेवटी पंचांनी ठरवलं, त्रिंबकराव म्हणेल ते खरं.

“माझ्या आजाला चोर म्हनत्यात, साहेब,” भागाक्का म्हणाली. “पौर्णिमेला ओटी हाय. आठ दिस ऱ्हायलं.”

त्रिंबकरावानं घड्याळ उघडलं. भिंग डोळ्याला लावलं. यंत्र फार उंची होतं, परदेशातल्या एका नामांकित कंपनीचं. त्यानं भिंग पुसून पुन्हा लावलं. मग त्यानं तबकडी बघितली आणि तो मोठ्यानं हसला. तबकडीवरचे आकडे मराठी होते. एकपासून बारापर्यंत, चांगल्या वळणदार बाळबोध अक्षरांत.

“अगं, ही विलायती कंपनी. ती मराठी आकडे कशाला काढेल? यंत्र कुठूनतरी मिळवलं आणि तबकडी बाजारातल्या रंगाऱ्याकडून रंगवून घेतली, झालं!”

“माझ्या आजाला दुसरं आकडं वाचता येत नव्हतं,” भागाक्का म्हणाली. “राजाला ते ठावं हुतं.”

झालं! बाईनं उलट उत्तर दिलं. एक नावाडीण त्रिंबकरावाला घड्याळ शिकवते! त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्पिरिटची बाटली हाताशी होती. कापूस होता. बोळा एकदा फिरवायला किती वेळ लागतो? पण त्यानं बाटलीचं बूच काढलं नाही. लाल शाईत बोरू बुडवला, चिठ्ठीवर ‘खोटे’ लिहिलं आणि ती तिच्या अंगावर टाकली.

भागाक्कानं चिठ्ठी उचलली. तिला वाचता येत नव्हतं, पण त्याचं तोंड बघून तिला कळलं. तिनं घड्याळ फडक्यात गुंडाळलं आणि ती उठली. ज्यानं आजवर हजार घड्याळांवर बोळा फिरवला होता, त्यानं ज्या घड्याळावर एका घरची अब्रू टांगली होती नेमकं तेच सोडलं, आणि कशासाठी, तर बाईनं उलट बोलल्याचा राग आला म्हणून. ही गोष्ट सांगताना आजही चीड येते.

तीन दिवसांनी संस्थानच्या जुन्या दिवाणांचा नातू त्याच्याकडं आला. आजोबांच्या पेटीतलं एक घड्याळ त्याला पारखून हवं होतं. त्रिंबकरावानं झाकण उघडलं. तेच यंत्र. तेच वळणदार मराठी आकडे. बोळा फिरवला, तो पांढराच राहिला. पेटीत कंपनीचं पत्रही होतं. राजेसाहेबांच्या हुकमावरून मराठी आकड्यांची अशी फक्त बारा घड्याळं खास घडवली आहेत. आपल्या रयतेला आपल्या आकड्यांत वेळ वाचता यावी अशी त्यांची इच्छा होती, असं त्यात लिहिलेलं.

जगात फक्त बारा. त्यांतलं एक त्याच्या हातात आलं होतं, आणि त्यानं त्यावर ‘खोटे’ लिहून ते परत फेकलं होतं.

आता एखादा साधा माणूस असता तर चप्पल पायात सरकवून वाळवंडीला पळाला असता. एस.टी.नं दोन तासांचा रस्ता. पण हे त्रिंबकराव! त्याला आधी राग आला. दिवाणांच्या नातवाचा आला, घड्याळ आत्ताच कशाला आणलं म्हणून. कंपनीचा आला, असले नको ते उद्योग कशाला केले म्हणून. सगळ्यांत जास्त राग भागाक्काचा आला. तिच्याकडं असं पत्र असतं तर काही झालंच नसतं ना! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या अशा.

मग त्यानं दौत पुढं ओढली आणि पत्र लिहायला घेतलं. ‘अधिक अभ्यासाअंती असे आढळून आले की…’ हे फाडलं. ‘काही नवी कागदपत्रे उपलब्ध झाल्याने…’ हेही फाडलं. ‘सदर घड्याळाविषयी पूर्वी दिलेले मत त्या वेळच्या माहितीनुसार योग्यच होते, तथापि…’ हे त्याला जरा बरं वाटलं, पण ‘तथापि’च्या पुढं गाडी जाईना. त्याला असं एक वाक्य हवं होतं, ज्यात खरं यावं पण चूक येऊ नये. असं वाक्य कुठल्याच भाषेत नसतं. तरी तो शोधत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं घरच्या गड्याला, महादूला, वाळवंडीला पाठवलं. निरोप काय, तर नवीन भिंग आलं आहे, घड्याळ पुन्हा एकदा फुकट बघून देतो. चुकलो असं नाही. नवीन भिंग आलं आहे!

महादू संध्याकाळी परत आला.

“काय म्हणाली?”

“म्हणाली, एकदा गावासमोर माझं तोंड काळं केलंत, आता परत कशाला बोलावताय? ती चिठ्ठी पाटलानं चावडीवर चिकटवलीया, मालक. पोरंसोरं तिला ‘खोट्याची नात’ म्हणून चिडवत्यात.”

त्रिंबकरावाला हे ऐकून वाईट वाटलं. खरोखर वाटलं. पण पडलो तरी नाक वर. त्यानं पुन्हा कोरा कागद घेतला.

त्याची बायको उमाबाई हे सगळं बघत होती. ती घरात फारसं बोलत नसे, कारण त्या घरात बोलायचं काम एकट्या त्रिंबकरावाचं होतं. पण पौर्णिमेच्या सकाळी तिनं फाटलेल्या कागदांची टोपली उचलली, त्यातले चार तुकडे जुळवून वाचले आणि ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

“अहो, यात ‘चुकलो’ हा शब्द कुठंच नाही. पाच दिवस झाले. टोपलीभर कागद फाडलेत. तिकडं एका बाईच्या आजाला गाव चोर म्हणतंय आणि तुम्ही इथं ‘तथापि’ लिहीत बसलात? लाज वाटू द्या!”

त्रिंबकरावानं बोरू खाली ठेवला. तीस वर्षांत त्याला असं कुणी बोललं नव्हतं. त्यानं टोपी घातली आणि पहिली एस.टी. पकडली.

तो वाळवंडीच्या घाटावर पोचला तेव्हा सगळं गाव जमलं होतं. वाजंत्री थांबली होती. ओटीचं तबक रिकामं होतं. पहिला नारळ पाटलाच्या हातून केव्हाच पाण्यात गेला होता. पाटील नव्या धोतरात मिरवत उभे होते. लोक मात्र नदीकडं बघत नव्हते, घाटाच्या पायरीकडं बघत होते. तिथं भागाक्का बसली होती. तिच्या हातात नावेचे खिळे ठोकायचा हातोडा होता.

पायरीवर घड्याळ होतं. म्हणजे, घड्याळाचं जे राहिलं होतं ते. काच चुरा झाली होती. चाकं दगडांच्या फटींत पडली होती. तबकडीच्या ठिकऱ्या उडाल्या होत्या. एका ठिकरीवर सात आणि अर्धा आठ तेवढे दिसत होते.

त्रिंबकराव धावला. आणि अशा वेळीसुद्धा त्याच्या तोंडातून काय निघालं?

“काय केलंस हे, बाई! अक्कल आहे का तुला? जगात बारा होती! बारांतलं एक होतं ते!”

भागाक्कानं मान वर केली.

“म्हंजे खरं हुतं?”

“खरं होतं.” त्याचा आवाज उतरला. त्यानं गावाकडं वळून पुन्हा सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “घड्याळ खरं होतं. राजानंच दिलं होतं. मी चुकलो. ज्या परीक्षेनं खरंखोटं कळतं ती मी केलीच नाही.”

इतकं सोपं होतं ते. एका दमात झालं. पाच दिवस न सापडलेलं वाक्य पायरीवर उभ्या उभ्या सापडलं.

सयाजी पाटलांनी मान खाली घातली. गर्दीत कुणीतरी चुकचुकलं. भागाक्का मात्र त्रिंबकरावाकडं एकटक बघत होती. तिनं विचारलं,

“तुमास्नी हे कवा कळलं?”

‘आज सकाळी’ हे शब्द त्रिंबकरावाच्या जिभेवर तयार होते. कोण तपासायला येणार होतं? पण त्या ठिकऱ्यांकडं बघून त्याला खोटं बोलवेना.

“पाच दिवस झाले,” तो म्हणाला.

“पाच दिस?” भागाक्का उठून उभी राहिली. हातोडा तिच्या हातातच होता. “मलाबी आजा खोटा वाटाया लागला, म्हनून मी हे आज सकाळी फोडलं, साहेब. आज सकाळी! काल आला असता, परवा आला असता, तर माझा आजा शाबूत ऱ्हायला असता. चुकलात त्याचं मला काय न्हाई. मानूस चुकतंया. पर पाच दिस तुम्ही काय करत हुता?”

त्रिंबकरावाला उत्तर ठाऊक होतं. मी पत्र लिहीत होतो. पण ते त्या बाईला, त्या घाटावर, सांगण्यासारखं नव्हतं.

एक म्हातारा पंच पुढं आला. “आक्का, झालं गेलं गंगेला मिळालं. पुढच्या सालापास्नं नारळ तुझाच.”

“तुमचा नारळ तुमच्यापाशीच ठेवा!” भागाक्का कडाडली. “दोनशे मान्सं वाचिवली त्यानं. त्यात तुमचा बा हुता, पाटलाचा आजा हुता. एका चिठ्ठीवर तुम्ही त्याला चोर केलासा. एकानं तरी म्हनायचं हुतं, की बाबा, आपून इथं उभं हाय ते कुनामुळं?”

पलीकडच्या काठावरून कुणीतरी नावेसाठी हाळी घातली. भागाक्कानं हातोडा नावेत टाकला, वल्हं उचललं आणि मागं न बघता नाव पाण्यात लोटली.

त्रिंबकराव पायरीवर बसला आणि दगडांच्या फटींतून एकेक चाक वेचू लागला. ते घड्याळ आता कुणालाच जुळवता येणार नव्हतं, हे त्याच्याइतकं चांगलं कुणाला कळणार? तरी तो वेचत होता. संध्याकाळच्या गाडीनं तो पेठेत परतला आणि आपल्या ओट्यावर खडूनं लिहिलं, ‘आठ दिवसांपूर्वी मी वाळवंडीच्या खऱ्या घड्याळाला खोटं म्हटलं.’ दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकं आली, ते वाचून काही जण परत गेले. त्यानं कुणाला अडवलं नाही.

तात्पर्य: पारख कुणाचीही चुकू शकते, पण चूक कळल्यावर आपलं नाक सांभाळत जो गप्प बसतो, त्याच्या गप्प बसण्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते, आणि ती त्याला कधीच फेडता येत नाही.