बिनदोऱ्याची सुई

एक होतं गाव. त्या गावाला राजाही होता, पण तो लांब राहायचा आणि त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता. म्हणून त्याला सोडून देऊ. पाय आत घे रे, गारठा आहे.

तर त्या गावात एक घर होतं. घरात येसू नावाची मुलगी, तिचा लहानगा भाऊ नामू आणि त्यांची आई. आणि या तिघांच्या डोक्यावर दोन मोठी माणसं. एक येसूचे वडील, त्यांना सगळे तात्या म्हणायचे. दुसरी तात्यांची आई, जिजी.

घर साधंच होतं, पण चांगलं होतं बरं का. पहाटे आई जात्यावर बसायची आणि ओव्या म्हणायची. कुणाच्या शिकलेल्या नाहीत, तिच्या तीच रचायची. नामू तिच्या मांडीवर डोकं टाकून अर्धा झोपलेला असायचा.

जात्यातून पीठ पडे
जसं पहाटेचं धुकं
माझ्या नामूच्या ग गाली
हसू मावेना इतुकं

हे ऐकलं की नामू हसायचा. असा हसायचा की उचकी लागायची. मग संध्याकाळी देवघरात दिवा लागायचा. देव पितळेचेच होते, पण त्या उजेडात वाटायचं की कुणीतरी आपल्याकडे आलंय आणि निवांत बसलंय. आणि येसू दिवसभर काही ना काही करत असायची. चिंध्यांची बाहुली, देवाला कापसाचं वस्त्र, दाराला मण्यांचं तोरण. नामू बाहुलीचा पाय उपटायचा. येसू म्हणायची, "उपटलास? आण इकडे, लंगडीला नवा पाय लावू." मग ती नवा पाय लावायची, तो पहिल्यापेक्षा लांब व्हायचा, आणि दोघं त्यावर हसायची.

तात्यांना आणि जिजीला यातलं काही दिसायचं नाही. ती वाईट होती का? नाही. वाईट माणूस ओळखू येतो, त्याच्यापासून पळता येतं. ही चांगली माणसं होती. त्यांचं सगळं लक्ष लोकांकडे असायचं, एवढंच.

मग काय झालं? येसू मोठी झाली, तिचं लग्न ठरलं. ठरलं म्हणजे तात्यांनी ठरवलं. येसूला नंतर सांगितलं. लग्न ठरलं की रुखवत आलं. रुखवत म्हणजे नवरीच्या हातच्या शोभेच्या वस्तू, लग्नात मांडून ठेवतात आणि पाहुणे बघत फिरतात. येसूने आपल्या बाहुल्या आणि तोरणं काढून दाखवली.

जिजी म्हणाली, "हे? हे मांडायचं? पलीकडच्या सावंतीच्या लग्नात साखरेचा हत्ती होता! सोंड हलत होती त्याची! आणि आपण काय मांडायचं, लंगड्या बाहुल्या?"

"अहो, पोरीने मन लावून केल्यात," आई म्हणाली.

"तुला कुणी विचारलंय?" तात्या म्हणाले.

आईला त्या घरात कुणी कधीच विचारत नव्हतं.

त्याच दिवशी दारात एक बाई आली. डोक्यावर टोपली, गळ्यात पोतीच्या माळा. "सुया घ्या, दाभण घ्या, मणी घ्या!" तिने येसूकडे पाहिलं, जिजीकडे पाहिलं, आणि टोपलीच्या तळातून एक काळी सुई काढली.

"ही घ्या. हिने शिवलेलं जिवंत दिसतं. आणि हिला दोरा लागत नाही."

"मग शिवते कशाने?" येसूने विचारलं.

"दोरा ती घरातूनच ओढते. घरातली मोठी माणसं ज्याच्याकडे लक्ष देत नाहीत, त्यातून. पुन्हा उसवलं, तर जिथलं तिथे परत जातं. न उसवता दुसऱ्याच्या घरी गेलं, तर मग ते गेलं. त्यांनी स्वतःच्या हाताने परत दिलं तरच उसवता येईल."

बाईने काही लपवलं नाही. सगळं समोर सांगितलं. येसूला भीती वाटली. पण तात्या हसले. "लक्ष न दिलेलं घरात काय असतं? अडगळ! ओढू दे की."

मग येसूने पहिला पोपट शिवला. नुसता कापडाचा, पण शेवटचा टाका पडला आणि पोपटाने मान वळवली. मग चोच उघडली आणि गायला लागला. काय गोड गळा! तात्यांनी गल्लीतली माणसं बोलावून आणली. जिजीने चौघींना सांगितलं, आमची येसू म्हणजे साक्षात सरस्वती.

दुसऱ्या दिवशी पहाटे आई जात्यावर बसली. खुंटा धरला, तोंड उघडलं, आणि तोंडातून नुसता श्वास आला. तिने पुन्हा उघडलं. ओवी नाही. बोलता येत होतं तिला, सगळं येत होतं, पण गाणं म्हणून जे आत होतं ते नव्हतं. नामूने मांडीवरून डोकं उचलून तिच्याकडे पाहिलं.

येसूला कळलं. ती पोपट उसवायला धावली. पण तात्यांनी तो लाकडी पेटीत घालून कुलूप लावलं होतं आणि किल्ली त्यांच्या कनवटीला होती.

"तात्या, आईचं गाणं गेलं हो!"

"गाणं काय खायचंय? लग्न होऊ दे, मग बघू."

जिजी म्हणाली, "बरं झालं बाई. रोज पहाटे कानाशी किरकिर."

झोपलात का? नाही ना? मग ऐका.

एका पोपटाने काय होतंय? जिजीला आता तुळशीवृंदावन हवं होतं, आणि त्यात आपोआप लागणारा दिवा. येसू म्हणाली, मी नाही शिवणार. जिजी जेवली नाही. तात्या बोलायचे थांबले. घरात दोन मोठी माणसं रुसली की घर कसं होतं, तुम्हाला माहितीये. भांडं आपटलं तरी सगळे दचकतात. शेवटी आईच म्हणाली, "शिव बाळ. मला नाही सहन होत."

येसूने रडत रडत वृंदावन शिवलं. जरीची तुळस, आणि पुढे बोटभर पणती. ती पेटली! तेल नाही, वात नाही, आणि तात्यांनी तेही पेटीत कुलपात ठेवलं तर सगळी पेटी आतून उजळली.

त्या संध्याकाळी आईने देवघरात दिवा लावला. ज्योत दिसत होती, पण उजेड पडत नव्हता. देव पितळेचे तुकडे दिसत होते. येसूने हात जोडले आणि तिला आठवेना की हात कशासाठी जोडले. नामू म्हणाला, "आई, तो गेला." कोण गेला, ते त्यालाही सांगता आलं नाही.

तात्या रोज तास तास पूजा करायचे, बरं का. त्यांना काहीच फरक कळला नाही.

आता तिसरं. लग्न जवळ आलं. घरात पाहुणे, हळद, बांगड्या, धावपळ. येसूला माखायचं, न्हाऊ घालायचं, बसवायचं, उठवायचं. नामूकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. येसूलाही नव्हता. तो खांबाला धरून हाक मारायचा, "ताई, ताई," आणि येसू म्हणायची, "थांब रे सोन्या, येते." जाणं व्हायचं नाही.

आणि जिजीच्या मनात आलं, रुखवतात पाळणा हवा. आत हसणारं बाळ हवं. व्याह्यांना वाटलं पाहिजे, या घरातून सून नेली की वर्षात नातू. येसू तर ऐकेना. मग जिजी स्वतःच सुई घेऊन बसली. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, हात थरथरत होता, टाके वेडेवाकडे पडत होते. पण सुईला त्याचं काय? सुईने दोरा ओढला. ज्याच्याकडे घरात कुणी लक्ष देत नव्हतं, तिथून ओढला.

कळलं ना कुठून?

हो. तिथूनच.

लग्नाचा दिवस उजाडला. मांडवात रुखवत मांडलं. पोपट गात होता, पणती जळत होती, पाळणा हलत होता, आणि पाळण्यातलं कापडी बाळ हसत होतं. उचकी लागेपर्यंत हसत होतं. पाहुणे बघतच राहिले. व्याही म्हणाले, "तात्या, मानलं तुम्हाला!" तात्यांची छाती फुगली. जिजीने पदराने डोळे पुसले.

येसू शालू नेसून आतून बाहेर आली आणि तिने ते हसणं ऐकलं. ती तिथल्या तिथे थांबली. मग तिने नामूला शोधलं. तो खांबाशी बसला होता. कितीदा धुतलेल्या फडक्यासारखा पांढरा. डोळे उघडे, पण बटणं लावल्यासारखे. हातातला लाडू तसाच. तिने गाल धरला, हलवला. नामू तिच्याकडे बघत होता आणि त्याला ती कोण ते कळत नव्हतं.

"तात्या! नामूला बघा!"

तात्यांनी पाहिलं. खरंच पाहिलं, मी खोटं सांगत नाही. आपल्या पोराच्या तोंडाकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मुहूर्त टळेल. एवढं लागू दे. मग बघू."

जिजी म्हणाली, "दृष्ट लागली असेल. मीठ-मोहऱ्या उतरू नंतर. हस जरा येसू, व्याही बघतायत."

मग येसूने काय केलं? ती चालत रुखवतापाशी गेली. पाळण्यातलं बाळ उचललं. सुई नव्हती, कात्री नव्हती, तर दातांनी टाका धरला आणि ओढला. टर्रकन आवाज झाला. तिने दुसरा टाका ओढला, तिसरा ओढला. जिजी ओरडली, "अगं अवदसे, काय करतेस!" तात्यांनी दंड धरला. येसूने त्यांचा हात झटकला. आयुष्यात पहिल्यांदा झटकला. बाळाच्या चिंध्या खाली पडल्या.

आणि खांबाशी नामू रडला. हसला नाही हं, रडला. आडवा होऊन, पाय आपटून, लाडू फेकून रडला. आईने त्याला उचललं तर तिलाही लाथा मारल्या. आई म्हणाली, "मार. मार रे माझ्या राजा."

मग येसूने वृंदावन उसवलं. पणती विझली. आत देवघरात काहीतरी उजळलं, पण तिकडे बघायला कोण गेलं होतं?

राहिला पोपट.

तोवर व्याही संतापले होते. "ही असली मुलगी आम्हाला नको! भर मांडवात दाताने कापड फाडते! चला रे, बैल जोडा!" वऱ्हाड उठलं. आणि तात्या धावले. येसूकडे नाही. नामूकडे नाही. व्याह्यांच्या मागे धावले. हात जोडले, पाया पडले, आणि राग जावा म्हणून जवळ होतं ते पुढे केलं. तो पोपट.

"एवढं तरी घेऊन जा, व्याहीबुवा. आमची आठवण."

आई नामूला कडेवर घेऊन धावत आली. "अहो, देऊ नका! ते माझं गाणं आहे हो!"

"गप्प बस," तात्या म्हणाले. "चारचौघांत शोभा करू नकोस."

व्याह्यांनी पोपट घेतला. सून नको म्हणाले, पण पोपट घेतला. गाडीत ठेवला आणि गेले. येसू शालू वर खोचून गाडीमागे पळाली. वेशीपर्यंत पळाली, पुढे पळाली. बैल तरणे होते. धूळ खाली बसली तेव्हा रस्त्यावर काही नव्हतं.

पुढे ती तात्यांना म्हणाली, चला, आपण जाऊन मागून आणू, त्यांनी स्वतःच्या हाताने परत दिला तर उसवता येईल. तात्या म्हणाले, "मी? त्यांच्या दारात? मागायला?" आणि सुपारी कातरत बसले. येसू एकटी गेली तर तिकडच्यांनी दार उघडलं नाही.

तात्या चुकलो म्हणाले का? नाही. जिजी म्हणाली का? तिने तर शेजारी सांगितलं की आमची सून, येसूची आई, पहिल्यापासूनच बेसूर होती. मोठी माणसं असं काही म्हणतील म्हणून वाट बघत बसू नका. म्हातारे व्हाल.

सुई येसूने विहिरीत टाकली. ती साध्या दोऱ्याने शिवायला लागली, तो बाजारातला, तुटणारा. नामू पुन्हा हसायला लागला, पण जिजीने मांडीवर बोलावलं की जायचा नाही. का जात नाही ते त्याला माहीत नव्हतं. देवघरातला उजेड परत आला. आई पहाटे उठायची, जातं फिरवायची. पीठ पडायचं. तिला सगळं येत होतं, एवढं सोडून. अशी ती सगळी त्या घरात सुखाने राहिली. जेवढं जमलं तेवढ्या सुखाने.

काय? पोपट?

तो आहे की. व्याह्यांच्या घरी, काचेच्या कपाटात. कुणी पाहुणा आला की कपाट उघडतात. तो गातो, पाहुणे वा वा म्हणतात, मग कपाट बंद. नामू कोण, ते तिकडे कुणाला माहीत नाही. ओवी आपली म्हटली जाते.

चला, डोळे मिटा. गोधडी नीट घे, भावाला पण दे थोडी. आणि सकाळी आई काही गुणगुणत असली ना, तर लगेच हाक मारून दूध मागू नका. गप्प पडून राहा. ऐका जरा.

झोपा आता.