वासाची वाट

कडसरीच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारावर, चढणाऱ्या पाहुण्यांना वाडीतले वाटाडे लखूबाबा आधीच बजावतात, "चपला काढा, मंडळी!" पायवाटभर रानतुळस माजली आहे. पाऊल पडले की लिंबासारखा असा वास उसळतो की दमलेला माणूसही हरखून जातो. फक्त कड्याच्या वळणावर दहा हात जागा बोडकी. तिथे कुणी रोप लावत नाही.

असे सांगतात की ही रानतुळस ठकू धनगरणीची. रोज म्हशी सड्यावर नेताना माश्या हाकायला ती कमरेला तिची जुडी खोचायची, बी वाटेवर सांडायचे. सासू भिवराबाई मात्र खार खाऊन होती. "म्हशी त्येच खात्यात, दुधाला वास मारतोय!" म्हणत तिने एक दिवस वळणावरची सारी झुडपे उपटून टाकली.

त्याच भादव्यात सगळी वाडी गवत कापायला सड्यावर गेली आणि भरदुपारी धुके उतरले. स्वतःचा हात दिसेना! हाक कड्यावर आपटून भलतीकडूनच येई. पायाशी दरी. बायका रडू लागल्या. तेवढ्यात ठकूच्या पावलाखालून वास आला आणि ती आनंदाने ओरडलीच, "वाट गावली! वास सोडू नगा!"

अरुंद वाटेवरून एकामागे एक रांग निघाली. वळणावर वास तुटला. भिवराबाईने झुडपे उपटली होती ती हीच जागा. ठकूने जुडी हातापायांना, केसांना चोळली, चाचपडत मधोमध जाऊन उभी राहिली. "माझ्या वासावर या, म्होरं वाट गावंल!" एकेक जण पार झाला. शेवटी सासूही.

सगळे सुटले आणि ठकूच अडकली. अंगालाच इतका वास, की वाटेचा कळेना! एक पाऊल चुकले की दरी. तिला रडू फुटले.

मागे सुनेची चाहूल नाही, हे भिवराबाईच्या ध्यानात आले. लोक नको नको म्हणत असता ती माघारी वळली, म्हणे. "ठके, हात दे. माझं नाक साबूत हाय."

पुढे भिवराबाई त्या जागी रोपे लावायला निघाली, तर ठकूनेच अडवले. "ऱ्हाऊ द्या, आत्या. तेवढ्या जागंवर तरी तुमी माझा हात धरता."

आजही पुढचा माणूस त्या बोडक्या जागी पाला चोळून उभा राहतो आणि सगळे पार झाले की रांगेतली सर्वांत वडील बाई त्याला हाताला धरून आणते.