घोंगडसड्यावरची हाक

फार फार वर्षांपूर्वी, आपल्या पणज्याच्याही पणज्याच्या काळी, घोंगडसड्यावर ठकाई राहायची. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं उघडं पठार. तिथं झाड नाही, गाव नाही. नुसता काळा कातळ, गुडघाभर गवत आणि एका अंगाला सरळ तुटलेला कडा. पावसाळ्यात असं धुकं उतरायचं की म्हशीला स्वतःचं शेपूट दिसायचं नाही, असं म्हणतात.

ठकाई धनगराची. एका श्रावणात तिचा नवरा बिरू चुकलेली म्हैस शोधायला धुक्यात शिरला, तो परतलाच नाही. ठकाई कातळावर चढली आणि हाका मारू लागली, "बिरूऽऽ!" बाईनं नवऱ्याचं नाव घेऊ नये. पण धुक्यात दुसरं करणार काय?

बिरू आला नाही. हाकेच्या रोखानं एक वाट चुकलेला कासार आला. दुसऱ्या दिवशी दोन माहेरवाशिणी आल्या. पावलं वाजली की ठकाईचा जीव वर यायचा, आणि परकं माणूस दिसलं की खाली बसायचा. तरी ती त्यांना ऊन ऊन दूध द्यायची, वाटेला लावायची. अशी सात वर्षं गेली. तिची हाक पार तळकोकणात ऐकू जायची, असं म्हणतात.

आठव्या श्रावणात चार माणसं एका अडलेल्या बाईला डोलीतून नेत होती. धुक्यात वाट चुकली. ठकाईनं हाक दिली, आणि त्या दिवशी दोन उत्तरं आली. एक डोलीवाल्यांचं, रडवेलं. दुसरं कड्याकडून.

"ठके, आलो गं!"

आवाज बिरूचाच. ठकाईचे पाय तिकडंच वळले. तेवढ्यात डोलीतली बाई किंचाळली. ठकाई थबकली. मग कड्याकडं तोंड करून म्हणाली, "धनी, वाईच थांबा. बाईमाणूस अडलंय."

तिनं डोली झोपडीत आणली. दिवस कलता कलता मुलगी झाली. ठकाईनं नाळ कापली, लेकराला आपल्या घोंगडीत गुंडाळून आईच्या कुशीत दिलं आणि तशीच बाहेर पडली. धुकं तिच्यापुढून बाजूला होत गेलं, असं म्हणतात. डोलीवाल्यांनी कड्याकडून दोघांचं हसणं ऐकलं. ठकाई पुन्हा कुणाला दिसली नाही.

आता घाटातून डांबरी रस्ता झालाय. सड्यावरून कुणी जात नाही. तरी पावसाळाभर खालच्या वाडीतलं एकेक माणूस पाळीपाळीनं त्या कातळावर जाऊन बसतं आणि धुकं उतरलं की ठकाईच्या नावानं हाक देतं.

"आता कुणासाठी, तात्या?" म्हणून मी एकदा तिथं बसलेल्या म्हाताऱ्याला विचारलं.

तो धुक्याकडं बघत म्हणाला, "असलं कुणी, तर?"