एकेका पाठीची लोकर

राजेसुद्धा मेंढरं राखत असत, त्या काळची ही गोष्ट. एका उघड्या माळावर एक म्हातारा धनगर राहत होता. त्याच्या मेंढ्या काळ्या आणि काटक. पावसापाण्याला त्या दाद देत नसत. लोकर मात्र राठ, अंगाला टोचणारी.

त्याची सून दूरच्या थंड मुलखातली. माहेरहून आंदण म्हणून तिने मऊ लोकरीचा एक मेंढा आणला. म्हाताऱ्याने तो हौसेने कळपात सोडला.

कोकरं झाली. त्यांची लोकर ना धड मऊ, ना धड राठ. ती मोठी झाली, त्यांना आपसांत पिल्लं झाली, तरी कातरणीनंतरचा ढीग तसाच, अधलामधला.

शेजारचे धनगर हसू लागले. "काय म्हातारबा, शेला विणताय की घोंगडं? ह्याचं तर पोतंही व्हायचं नाही!"

म्हाताऱ्याला घास गोड लागेना. आपण हौसेपायी वाडवडिलांचा कळप बिघडवला की काय? शेवटी तो म्हणाला, "सूनबाई, पुढच्या कातरणीलाही असंच निघालं, तर ही मिसळीची मेंढरं खाटकाला देऊन टाकू."

सुनेचे डोळे भरून आले. डोळे पुसत तिने विचारलं, "मामंजी, आपण सगळ्यांची लोकर एकाच ढिगात का टाकतो?"

"रीतच आहे ती. कळप एक, ढीग एक."

"मग कुणी काय दिलं, ते कळायचं कसं? एका घरातली भावंडं, पण एक आजोबांवर जातं, एक आजीवर. यंदा एकेकाची लोकर वेगळी ठेवू द्या."

म्हाताऱ्याला ते पटलं नव्हतं. पण नाही म्हणायचीही खात्री वाटेना.

कातरणीला माळभर लहान लहान ढीग पडले. सून प्रत्येकातला झुपका गालाला लावून बघे. म्हातारा मागोमाग जाई, धास्तावलेला. एक ढीग राठ. दुसरा मधला. पुढे एका ढिगात त्याने हात घातला आणि तो तिथेच थबकला. लोकर सायीसारखी होती.

"ही कुणाची गं?"

"त्या आखूड कानाच्या मेंढ्याची. पावसात बाकीची मऊ लोकरीची मेंढरं खोकत होती, तेव्हा हा चिखलात उभा राहून खुशाल चरत होता."

"म्हणजे तुझ्या मेंढ्याचा वाण टिकून होता तर!"

"होता की. आपणच दरसाल त्याला ढिगात पुरत होतो."

कळपातलं एकही मेंढरू खाटकाकडे गेलं नाही. सुनेने तोच मेंढा वंशासाठी राखला आणि पुढेही दर पिढीत अशीच निवड केली. काही वर्षांनी माळावर मऊ लोकरीची, काटक मेंढरं दिसू लागली. हसणारे शेजारी कोकरं मागायला आले, तेव्हा म्हातारा म्हणाला, "सूनबाईला विचारा बाबांनो. मी तर ह्यांना सुरीखाली द्यायला निघालो होतो."

मिसळले म्हणून गुण नाहीसे होत नाहीत. एकेकाला वेगळं पारखणाऱ्याला ते सापडतात.