भिवरा कुंभारणीचा वकील

उग्रभान महाराजांचा हत्ती मेघडंबर भिवरा कुंभारणीच्या अंगणातून गेला आणि भाजून मांडलेली सगळी मडकी मातीला मिळाली. महिन्यातली ही चौथी खेप!

नदीवर जायला हत्तीखान्यामागून चांगला ऐसपैस रस्ता होता. पण महाराज एकदा कुंभारवाड्याकडे बोट दाखवून म्हणाले होते, "हत्ती इथून जाईल." आता ते बोट मागे कोण घेणार?

माहुताला विचारावं, तर तो म्हणे, "मावशी, मी नुसता वर बसतो. चालतो तो हत्ती, आणि चालवतात ते महाराज!"

त्याच आठवड्यात महाराजांनी आपल्या चंदनगडात दवंडी पिटवली होती. "ऐका हो ऐका! गरिबाला न्याय फुकट! दर पुनवेला लोकदरबार भरेल. दोन्ही बाजू राजी झाल्या की तंटा जागच्या जागी मिटेल, आणि मिटलेल्या तंट्यावर खुद्द राजालाही ब्र काढता येणार नाही हो!"

भिवराने पदरात खापरं बांधली आणि पुनवेला दरबार गाठला.

"दावा कोणावर?" महाराजांनी विचारलं.

"आपल्यावरच, महाराज."

महाराजांच्या मिशा थरथरल्या, पण दवंडी त्यांचीच होती. रागवायची सोय नव्हती! ते गोड आवाजात म्हणाले, "न्याय फुकट आहे बाई, पण रीतीनं होतो. वकिलाशिवाय दावा ऐकला जात नाही. पुढच्या पुनवेला माझ्याविरुद्ध भर दरबारात बोलेल असा वकील घेऊन ये. नाही आणलास, तर कुंभारवाडा उठवून तिथे हत्तीसाठी फरसबंदी रस्ता करीन!"

"वकील कोणताही चालेल?"

"राज्यातला कोणताही!" महाराज मिशीतल्या मिशीत हसले.

हसतील नाही तर काय! राज्यात वकील सात, आणि सातांच्याही घरी भात शिजायचा तो राजाच्या कोठारातल्या तांदळाचा. भिवरा पहिल्या वकिलाकडे गेली. आत्ताच माळणीशी वांग्यांवरून तार स्वरात भांडणाऱ्या त्या गृहस्थाचा घसा एकाएकी बसला. दुसरा म्हणाला, "मडकीच हत्तीच्या पायाखाली गेली, असा उलटा दावा लावायचा असेल तर आत्ता लावतो!" उरलेल्या पाचांनी आतूनच ओरडून सांगितलं, "आम्ही घरात नाही!"

कुंभारवाड्यात बांधाबांध सुरू झाली. भिवराच्या सासूने चाक धुऊन पुसून गोणपाटात गुंडाळलं आणि त्यालाच टेकून बसली. भिवराने तिच्यापुढे भाकरी ठेवली आणि म्हणाली, "सोडा ते गोणपाट, आत्याबाई. वकील मिळवते मी."

पुनव उजाडली. भिवरा दरबारात आली ती एकटीच. सातही वकील पुढच्या रांगेत बसले होते. पहिल्याचा घसाही बरा झाला होता! तेवढ्यात चोपदाराने ललकारी दिली, "अनाथांचे नाथ, निराधारांचे आधार, ज्याला कोणी नाही त्याचे कैवारी, उग्रभान महाराज येत आहेत हो!"

महाराज सिंहासनावर बसले. "काय बाई, कुठाय तुझा वकील?"

"आलाय की महाराज! आत्ताच सिंहासनावर बसला."

"काय बरळतेस?"

"मी कशाला बरळू? चोपदार ओरडला, मी ऐकलं. ज्याला कोणी नाही त्याचे कैवारी आपण. सातांची दारं ठोठावली, मला कोणी नाही. की चोपदार खोटं बोलला?"

चोपदार खांबाआड सरकला. महाराजांनी प्रधानाकडे पाहिलं, प्रधानाने छताकडे पाहिलं. ललकारी खोटी म्हणावी, तर अब्रू जाते. खरी म्हणावी, तर वकिली गळ्यात पडते!

"ठीक आहे!" महाराज गरजले. "झालो तुझा वकील!"

"मग खाली या, वकीलसाहेब. अशिलाचं म्हणणं आधी ऐकून घ्यावं लागतं, आणि मला काही वर चढता येत नाही."

महाराज चार पायऱ्या उतरून खाली आले. भिवराने पदरातल्या खापरांची गाठ सोडली. तिने एकेक खापर त्यांच्या हातात दिलं आणि कुठलं रांजणाचं, कुठलं पणतीचं ते सांगितलं. महाराजांनी जन्मात पहिल्यांदा फुटलेलं मडकं हातात धरलं होतं. बोटाला कड लागली. "धार आहे की!" ते पुटपुटले.

मग ते वळले. "राजाची बाजू कोण मांडतो?"

सात वकील ताडकन उठले. पहिला म्हणाला, "सरकार, मडकी आपणहून हत्तीच्या पायाखाली गेली!"

"मूर्खा, मडक्यांना पाय असतात का? पाय हत्तीला, तेव्हा चूकही हत्तीचीच!"

राजाची बाजू मांडावी, तर राजालाच खोटं पाडावं लागतं. सातांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एका सुरात म्हणाले, "महाराज म्हणतात तेच बरोबर!"

"ऐकलंत?" भिवराने टाळी वाजवली. "माझा वकील म्हणतो चूक हत्तीची, समोरचे म्हणतात बरोबर. दोन्ही बाजू राजी! तंटा मिटला. हत्ती मागच्या रस्त्याने जाणार, कुंभारवाडा जागचा हलणार नाही, आणि यावर आता राजालाही ब्र काढता येणार नाही!"

महाराजांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे भर दरबारात मी हरलो?"

"छे छे, महाराज! हरला तो हत्तीचा मालक. माझा वकील तर पहिल्याच दाव्यात जिंकला, आणि तोही सात सात वकिलांना लोळवून!"

क्षणभर महाराजांना रागवावं की फुगावं कळेना. मग पोट धरून असे हसले, की मुकुट तिरपा झाला. "अशील असावं तर असं! माग, बक्षीस माग!"

"मेघडंबरच द्या, महाराज."

"माझा हत्ती?"

"दर सोमवारी, दोन घटका. तुडवायची त्याला हौसच आहे, तर मडकी घडायच्या आधी येऊन माती तुडवू दे!"

महाराज पुन्हा हसले आणि त्यांनी हुकूम सोडला. सोमवारी मेघडंबर कुंभारवाड्यात चिखलात उभा राहिला, आणि भिवराची सासू माहुतावर खेकसली, "अरे, नुसता वर काय बसलायस? डाव्या कोपऱ्यात ढेकळं राहिलीत, तिकडे फिरव त्याला!"