उठलेल्याला भूक लागते

ईस्टरचा अर्थ माझ्याइतका सोपा करून सांगणारा माणूस साऱ्या पंचक्रोशीत सापडणार नाही. मोठमोठ्या पदव्यांचे पाळक माझ्यापुढे गप्प बसलेले आहेत. त्यातले एक तर इतके गप्प बसले की थोड्या वेळाने घोरू लागले. तेव्हा तुम्हीही भिंतीला पाठ टेकूनच ऐका, म्हणजे पडायची भीती नाही.

एकदा एका गावच्या मंडळीत एक वृद्ध पाळकबाबा होते, आणि त्यांच्या हाताखाली एक तरुण शिष्य. ईश्वरविज्ञान शिकून नुकताच आलेला. 'पुनरुत्थान' हा शब्द त्याला इतका प्रिय होता की सकाळी अंथरुणातून उठल्याचंही तो त्याच शब्दात सांगत असावा. त्या ईस्टरला त्याचं आयुष्यातलं पहिलं प्रवचन होतं, तेही गावाबाहेरच्या टेकडीवर, सूर्य उगवताना. शेवटचं वाक्य आणि सूर्याची कोर एकदमच वर यावी असा त्याचा बेत होता. सूर्याला विचारलं होतं की नाही, ठाऊक नाही.

त्याच गावात इसहाक आचारी राहत असे. असा मसाला वाटणारा माणूस दुसरा नव्हता. पण आदल्या ईस्टरच्या प्रीतिभोजनात त्याच्या हातचा मठ्ठा सगळ्या मंडळीला बाधला. पातेलं मंडळीचंच होतं, कल्हई उडालेलं, आणि कल्हई करून आणणं हे पंचांचं काम. परंतु त्या दिवशी पंचांची पोटं अशी काही वाहिली की न्यायबुद्धीही त्यातच वाहून गेली. दोष इसहाकला लागला. लग्न असो, बाप्तिस्मा असो, लोक आचारी दुसऱ्या गावाहून आणू लागले. वर पुन्हा हळहळत, "इसहाक आयुष्यातून उठला हो बिचारा." इसहाकने उपासनेला येणं सोडलं. त्याची बायको तबिथा तेवढी यायची, शेवटच्या बाकावर बसायची आणि आशीर्वाद व्हायच्या आत निघून जायची.

तर ईस्टरची पहाट झाली. गळ्यात पेटी, हातात डफ आणि टाळ, अशी प्रभातफेरी निघाली. "ख्रिस्त उठला आहे," असं दारोदार ओरडायचं, आणि घरच्यांनी डोळे चोळत "खरोखर उठला आहे" असं म्हणत फेरीत सामील व्हायचं, ही तिथली रीत. गावातली कुत्रीही मोठ्या भक्तिभावाने साथ देत होती. फेरी इसहाकच्या दारापाशी आली तसे सगळ्यांनी आपोआप आवाज बारीक केले, आजारी माणसाच्या घरावरून जावं तसे.

पाळकबाबांनी हात वर केला. डफ थांबला. त्यांनी काठीने दार ठोठावलं आणि म्हणाले, "इसहाक, काही खायला आहे का रे?"

मंडळी चरकली. लुकास नावाचे एक पंच लगबगीने पुढे आले. "बाबा, टेकडीवर चहा-बिस्किटं ठेवलीत की."

"लुकास, मी तुला विचारलं का? तू इसहाक आहेस का?"

शिष्याने बाबांची बाही ओढली. "बाबा, उजाडायला आलंय. सूर्य थांबायचा नाही."

"मग त्याला होऊ दे पुढे. आपण आलोच मागोमाग."

आत कडी सरकली. मग दार किलकिलं झालं आणि तबिथा उंबऱ्यात आली. "बाबा, रात्रीची भाकरी आहे. आणि भाजलेला बोंबील. पण तो ह्यांच्या हातचा आहे," असं म्हणून ती घुटमळली.

"म्हणूनच मागतोय, पोरी."

तिने ताटली आणली. बाबांनी उभ्याउभ्याच भाकरीत बोंबील धरला आणि चावून चावून खाऊ लागले. लोक त्यांच्या तोंडाकडे असे बघत होते की मठ्ठा बाधायला किती वेळ लागला होता याचा मनातल्या मनात हिशेब चाललाय हे कुणालाही कळावं. बाबांनी उरलेला तुकडा शिष्यापुढे धरला.

आता शिष्याची खरी परीक्षा आली. गेल्या ईस्टरला तो पाहुणा म्हणून आला होता आणि मठ्ठ्याच्या दोन वाट्या प्यायला होता. आज पहिलं प्रवचन, आणि ऐन प्रवचनात पोटाने हाक मारली तर टेकडीवर आडोसाही नाही. त्याने हुतात्म्यासारखे डोळे मिटले आणि घास तोंडात टाकला. चावला. मग एक डोळा उघडला.

"बोंबील झकास आहे," तो म्हणाला.

"आता सांग लेकरा, आज तू काय सांगणार होतास?"

"प्रभू मरणातून उठला, हे."

"आणि उठल्यावर त्याने काय केलं?"

"दर्शन दिलं."

"कुणाला? क्रूसावर चढवलं त्या शुक्रवारी जे शिष्य त्याला टाकून पळाले त्यांना. ज्याने ओळखसुद्धा नाकारली त्याला. दाराला कड्या लावून बसली होती ती माणसं, आयुष्यातून उठलेली. प्रभू त्यांच्यामध्ये उभा राहिला आणि त्याने विचारलं, खायला काही आहे का. भाजलेला मासा होता, तो त्याने त्यांच्यादेखत खाल्ला. तुम्ही शिकलेले म्हणता, तो भूत नाही हे पटावं म्हणून. तेही खरंच. पण मला वाटतं, त्याने नुसतं 'क्षमा केली' म्हटलं असतं तर त्यांनी ऐकून घेतलं असतं, विश्वास ठेवला नसता. हातचं खाल्लं, तेव्हा पटलं. मरणातून उठलेला आणि आयुष्यातून उठलेले, यांची ती पंगत. ईस्टर म्हणजे ती पंगत, बाळा. टेकडी, डफ, तुझं प्रवचन, हे सगळं तोंडीलावणं."

 मग पंच लुकास खाली मान घालून पुढे झाले आणि तबिथासमोर त्यांनी ओंजळ धरली. तिने ताटलीतल्या भाकरीचा तुकडा मोडून त्यावर बोंबील ठेवून दिला. त्यांच्यामागे पेटीवाला आला, त्याच्यामागे आणखी कुणी. सूर्य तिकडे टेकडीवर एकटाच उगवला. त्याचं स्वागत करायला दोन शेळ्या होत्या म्हणतात.

शिष्याच्या अंगात आता असा काही उत्साह संचारला की सगळं ईश्वरविज्ञान एकदम घशाशी आलं. तो दाराकडे तोंड करून गर्जला, "इसहाकभाऊ, किती दिवस आत बसणार? प्रभूच्या कबरीच्या तोंडावरचा धोंडा सरला आहे. तुम्हीही आपला धोंडा लोटा आणि बाहेर या. आजच्या प्रीतिभोजनाची चूल तुम्हीच पेटवायची."

आत भांडं वाजलं. खांद्यावर टॉवेल आणि बगलेत झारा घेऊन इसहाक बाहेर आला. त्याने पंचांकडे पाहिलं, डफवाल्याकडे पाहिलं, साऱ्या मंडळीवरून एकवार नजर फिरवली.

"लाकडं वाळलेली आणा," तो म्हणाला. "आणि धाकटे पाळकसाहेब, कबरीचा धोंडा आतून लावता येत नसतो."